चारशे बारा वजा पंचवीस

मामाचा हात थरथरत होता, म्हणून त्याचा कबुलीजबाब लिहायचं काम भाचीकडे आलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. "माझं बघून मॅडमना वाटेल, कागदावरून कोंबडी चालून गेली. आधीच प्रकरण कोंबड्यांचं."

कँटीनमध्ये दुपारचे तीन वाजले होते. जेवणारे उठून गेले होते आणि नुकत्याच पुसलेल्या टेबलावर ओल्या फडक्याचे पट्टे दिसत होते. भाचीने हाताच्या पंजाने आपल्यापुरता तुकडा कोरडा केला, वहीतला कागद फाडला आणि तारीख घातली. मामाने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. गेल्या वर्षभरात तो कप असाच धरायचा, आणि घरात कुणीच त्याबद्दल काही बोलायचं नाही.

कारखान्यात त्याला सगळेच मामा म्हणत. गेटवरचा पहारेकरी, रंगकामवाले, खुद्द विभाग सांभाळणाऱ्या मॅडम. तिचा मात्र तो खरा मामा, आईचा थोरला भाऊ. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ती इथे प्रोग्रॅम लिहायला लागली त्या दिवशीच तिचं नाव भाची पडलं. पदवीच्या कागदावरचं नाव आता फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं.

कारखाना अंडी उबवायची मशीनं बनवायचा. कपाटाएवढी, आत एकावर एक ट्रे, मागे हीटर आणि पंखा, बाजूला ट्रे तासातासाने तिरपे करणारी मोटर. मामा ती गिऱ्हाइकांकडे नेऊन बसवायचा आणि बिघडली की दुरुस्त करायचा. एकोणतीस वर्षं एकच चामडी टूलबॅग, तिचे पट्टे तीनदा बदललेले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आणि आता सोमवारी त्याने एका हॅचरीत तापमानाचा सेन्सर बदलला होता, बुधवारी सकाळी हॅचरीच्या मालकीणबाईंनी मशीनचं दार उघडलं तर आत त्रेचाळीस अंश होते. साडेसदतीसच्या जागी त्रेचाळीस. सतरा दिवसांची एक हजार छप्पन अंडी. चार दिवसांनी पिल्लं बाहेर यायची होती.

उद्या शुक्रवारी बारा वाजेपर्यंत मामाने लेखी जबाब द्यायचा होता आणि बॅग स्टोअरमध्ये जमा करायची होती. उरलेले आठ महिने तो स्टोअरच्या जाळीमागे बसून वॉशर मोजणार होता.

"लिही," मामा म्हणाला. "मी बसवलेल्या सेन्सरची तार ढिली राहिली. त्यामुळे अंडी मेली. चूक माझी. खाली सही."

"एवढंच?"

"अजून काय? सोबत नकाशा जोडायचा?"

भाचीने लिहिलं, 'तार ढिली राहिली'. मग पेन थांबलं. विज्ञान शिकलेल्या माणसाला 'त्यामुळे' हा शब्द लिहिताना हात अडखळण्याची सवय लागते. तिलाही लागली होती. मामी तर वैतागून म्हणायची, हिला पाणी दिलं तर ही विचारेल कुठल्या नळाचं.

"मामा, तार ढिली होऊन निघाली. मग सेन्सर काहीच सांगेना. बरोबर?"

"हो."

"सेन्सर गप्प झाला तर मशीनने हीटर बंद करून भोंगा वाजवायचा असतो."

"असतो."

"मग वाजला का नाही?"

मामाने कप खाली ठेवला. "ते तुमचं. मला स्क्रू कळतात. तार निघाली, मी निघू नये अशी बसवायला हवी होती. सोमवारी तिथे बसून मलाच स्क्रूची खाच दिसत नव्हती. तू लिही गं, उगाच खोदत बसू नकोस. दमलोय मी."

दमलोय हे त्याने इतक्या सरळ सांगितलं, की तिला पुढे काही विचारवेना. पण हाच प्रश्न सकाळी हॅचरीच्या बाईंनीही विचारला होता. ती आणि मामा तिथे गेले होते. बाईंच्या केसांत पिसाचा एक बारीक तुकडा अडकला होता. त्यांनी काळोख्या खोलीत दिवा लावून एक अंडं त्यावर धरलं. आत लाल रेषांचं जाळं आणि एक मोठी काळी सावली दिसली. "परवा हे हलत होतं," त्या म्हणाल्या. दुसरं धरलं. तिसरं धरलं. प्रत्येक अंडं परत ट्रेमध्ये ठेवताना त्या ते अलगद ठेवत होत्या, अजूनही. त्या ओरडतील म्हणून मामा दाराशीच उभा होता, पण बाई म्हणाल्या, "ओरडायलाही अंगात जीव लागतो हो. मला एवढंच सांगा, तार निघाली तर तुमच्या मशीनला कळत नाही का?"

"कळतं," मामा म्हणाला होता. मग जरा थांबून, "कळायला पाहिजे."

भाचीने अर्धा लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. "उद्या सकाळी पुरा करते. बारापर्यंत वेळ आहे."

"पळपुटी," मामा म्हणाला, पण त्याने हट्ट धरला नाही.

चाचणीच्या खोलीत एक मशीन कायम चालू असायचं, रिकाम्या ट्रेंसकट. त्यात सध्याचाच प्रोग्रॅम होता, सहा आठवड्यांपूर्वी बाहेर गेलेला. भाचीने मागचं झाकण काढलं, हीटरचा लाल दिवा लागलेला आहे ना ते बघितलं आणि सेन्सरची तार उपटली.

लाल दिवा लागलेलाच राहिला.

तिने मनात साठपर्यंत मोजलं. भोंगा वाजला नाही. पडद्यावर शेवटचं तापमान गोठून राहिलं होतं, सदतीस पूर्णांक चार, शहाण्या मुलासारखं. आतली हवा मात्र तापत चालली होती. दारावर हात ठेवल्यावर कळत होतं. तिने मशीन बंद केलं, सात आठवड्यांपूर्वीचा जुना प्रोग्रॅम त्यात चढवला आणि पुन्हा तार उपटली. दोन सेकंदांत दिवा विझला आणि भोंग्याने असा काही गळा काढला, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, कोण मेलं?"

तिने भोंगा बंद केला आणि खुर्चीवर बसली. जुना आणि नवा, दोन प्रोग्रॅम. दोन्हींच्या मध्ये फक्त एक गोष्ट घडली होती आणि ती तिनेच केली होती.

तिने साफसफाई केली होती.

हा प्रोग्रॅम अकरा वर्षांचा, सी भाषेतला. दर वेळी तो तयार करताना कंपायलर, म्हणजे माणसाचं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, शेकडो वॉर्निंग द्यायचा. इथे काही गडबड असू शकते, तिथे बघा, असं सांगणाऱ्या ओळी. विभागात त्या कुणी वाचत नसे. त्या पडद्यावरून सरसर वर जात असताना चहा आणायला जायचं, ही रीत. भाची आली तेव्हा तिला हे सहन होईना. कामातून मिळणाऱ्या सवडीत, दोन महिने, ती एकेक वॉर्निंग वाचून निस्तरत गेली. तिच्या वहीत त्याची नोंद होती, पानाच्या वर, खाली दुहेरी रेघ मारलेली. वही काढायची तिला गरज नव्हती, तरी तिने काढली.

'एकूण ४१२. निस्तरल्या २५. आता ३८८.'

ती त्या ओळीकडे बघत राहिली. हीच ओळ तिने मॅडमना पाठवली होती. मॅडमनी 'छान' म्हणून उत्तर दिलं होतं. घरी मामीने त्या दिवशी विचारलं होतं, आज स्वारी खूश का? आणि ती म्हणाली होती, चारशे बाराच्या तीनशे अठ्ठ्याऐंशी केल्या. मामी म्हणाली होती, मग अजून तीनशे अठ्ठ्याऐंशी आहेत की.

चारशे बारा वजा पंचवीस म्हणजे तीनशे सत्त्याऐंशी.

प्रयोगशाळेच्या वहीत अशी वजाबाकी चुकली असती तर तिने अख्खा प्रयोग पुन्हा केला असता. इथे तिने बहुतेक असं धरलं होतं, की आपण मोजताना एक जास्त मोजली असेल. आकडा खाली जात होता, तेवढ्यावर ती खूश होती. पंचवीस गेल्या होत्या आणि एक नवीन आली होती. ती एक, कमी होत जाणाऱ्या गर्दीत मान खाली घालून उभी राहिली होती.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून नवी ओळ शोधायला तिला चार मिनिटं लागली. सेन्सर तपासणाऱ्या भागात, ओळ दोनशे सहा. कंपायलर म्हणत होता, ही तुलना कधीच खरी ठरणार नाही.

तुलना साधी होती: सेन्सरची स्थिती शून्यापेक्षा कमी असेल तर हीटर बंद करा. सेन्सरची चिप ठीक असली की शून्य, एक किंवा दोन सांगायची, म्हणजे थंड, योग्य, गरम. तार तुटली की ऋण तीन सांगायची. आकडे माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून सीमध्ये आकड्यांना नावं देऊन त्यांची यादी करता येते. तिला इनम म्हणतात. इथे स्थिती त्या इनममध्ये ठेवली होती. यादीत तीन नावं होती. सहा आठवड्यांपूर्वी चार होती. चौथं नाव कुठल्याशा आर्द्रतेच्या सेन्सरचं होतं, किंमत ऋण एक, आणि अख्ख्या प्रोग्रॅममध्ये ते कुठेच वापरलेलं नव्हतं. उलट, 'या नावाचं काय करायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही' अशी एक वॉर्निंग त्याच्यामुळेच यायची. बिनकामाचं नाव. तिने काढून टाकलं.

आणि त्या नावाबरोबर यादीतला एकुलता एक ऋण आकडा गेला. इनमचे आकडे कुठल्या मापाच्या डब्यात ठेवायचे हे सी भाषा ठरवून देत नाही, ते कंपायलरवर सोडते. यादीत एक तरी ऋण आकडा असला तर त्यांचा कंपायलर धन आणि ऋण दोन्ही मावणारा डबा घ्यायचा. एकही नसला तर ऋणाला जागाच ठेवायचा नाही. साध्या इंटमध्ये, म्हणजे नेहमीच्या पूर्णांकाच्या डब्यात, हे कधीच झालं नसतं. आता तार तुटली आणि चिपने ऋण तीन सांगितलं, की त्या डब्यात त्याचे चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे त्र्याण्णव होत होते. हे शून्यापेक्षा कमी नव्हतं. ते थंडही नव्हतं, योग्यही नव्हतं, गरमही नव्हतं. यातलं काहीच नसेल तर काय करायचं हे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नव्हतं, म्हणून मशीन काहीच करत नव्हतं. हीटर चालू असेल तर चालू. स्वस्त पडावं म्हणून या लहान मशीनला, जास्त तापलं की हीटर आपोआप तोडणारं वेगळं सुरक्षेचं बटणही नव्हतं.

तिच्या आधी हे काम करणारा प्रोग्रॅमर आता दुसरीकडे नोकरीला होता. तिने त्याला फोन लावला, कारण तिला एक गोष्ट कळायलाच हवी होती.

"सर, ते ऋण एक तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं का? डबा ऋणाचा राहावा म्हणून?"

"कुठलं ऋण एक?" त्याच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तिने ओळ वाचून दाखवली. "अच्छा, ते! अगं, आर्द्रतेचा सेन्सर येणार होता. आलाच नाही. राहून गेलं."

"म्हणजे मुद्दाम नाही."

"नाही. का?"

तिने सांगितलं.

"आधी तो साधा इंट होता," तो म्हणाला. "वाचायला बरं दिसावं म्हणून मीच इनम केला. म्हणजे अकरा वर्षं मी... त्या न आलेल्या सेन्सरच्या जिवावर?"

"हो सर."

"बाप रे." मग थोड्या वेळाने, "तू काढलंस ते चूक नव्हतं गं. मीही काढलं असतं."

तिला वाटलं होतं, याने कुणाला तरी, निदान तिला, बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

ती मामाच्याच घरी राहायची. सात वाजता पोचली तर दाराजवळ टूलबॅग ठेवलेली. मामीने ती तेल लावून पुसली होती. चामडं चमकत होतं. "जमा करायची तर नीट करू," मामी म्हणाली. "लोक म्हणायला नकोत, घरची बाई गबाळी." आणि आत जाऊन तिने उगाचच भांडी घासायला घेतली.

मामा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. भाची समोर बसली आणि तिने पहिल्यापासून सांगितलं. डब्याशी आल्यावर तो म्हणाला, "थांब. ऋण तीन टाकलं तर अब्जावधी कसे होतील? कुणाला मामा बनवतेस?"

"स्कूटरचं किलोमीटरचं मीटर आहे. सगळी शून्यं. ते एक घर मागे फिरवलं तर?"

"नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव," मामा पटकन म्हणाला. मग त्याने तिच्याकडे बघितलं. "हां."

"तसं."

"म्हणजे तार निघाली हे मशीनला सांगितलं गेलं, पण ते त्याला ऐकूच आलं नाही."

"मी ऐकू येऊ दिलं नाही."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मामा उठला, खिडकी लावली, पुन्हा बसला. तो आता सुटल्यासारखा दिसेल असं तिने येताना सगळ्या रस्ताभर मनात रंगवलं होतं. तो चिडला.

"आणि हे तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"जुन्या सरांना. अजून कुणाला नाही."

"सांगायचंही नाही. माझे आठ महिने उरलेत, तुझी पस्तीस वर्षं. मी बॅग ठेवतो, वॉशर मोजतो, घरी येतो. तू गुपचूप तो डबा बदल. कुणाचं काय अडलंय?"

"मामा, तुझी चूक नाही..."

"तार ढिली होती ना? होती. मी कुठे खोटं लिहितोय?"

खरं सांगायचं तर क्षणभर तिला ते पटलं. ती खूप दमली होती, आणि त्याच्या बोलण्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. खिशातला कागद तिला बोटांना लागत होता. त्यात फक्त 'त्यामुळे' लिहायचं राहिलं होतं. एक शब्द, एक सही. शुक्रवारी नवा प्रोग्रॅम करताना ती ओळ गुपचूप बदलता आली असती, आणि मॅडमनी पुन्हा 'छान' म्हटलं असतं.

"मामा," ती म्हणाली, "माझा प्रोग्रॅम एकसष्ट मशीनांत गेलाय. त्यातली तू किती बसवलीस?"

"निम्म्याहून जास्त."

"त्यांच्या तारा घट्ट आहेत?"

टेबलावर मामाचा उजवा हात होता, आणि त्याची करंगळी स्वतःच्याच तालात हलत होती. त्याने दुसरा हात त्या करंगळीवर ठेवला. ती तरीही हलत राहिली. भाचीला आपण हे विचारल्याची लाज वाटली, पण तिने प्रश्न मागे घेतला नाही.

मामी दारात येऊन उभी होती. तिचे हात फेसाने माखलेले होते. "त्या एकसष्टांत आत्ता अंडी आहेत का?" तिने विचारलं.

"असणारच," मामा म्हणाला.

"मग बसलात काय दोघं? फोन लावा ना."

आधी भाचीने मॅडमना फोन केला आणि सगळं एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. मॅडम म्हणाल्या, "उद्या आठला या. आणि गिऱ्हाइकांना आत्ता कळवा, मी सांगितलंय म्हणून कळवा." मग मामाने कपाटातून आपली डायरी काढली. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं नव्हती. 'दोन जिने', 'कुत्रा आहे', 'बहिरे आजोबा, मोठ्याने बोला' असं होतं आणि पुढे नंबर. एकेकाला तो सांगत गेला: दर तासाला साध्या थर्मामीटरने आतलं तापमान बघा, पडद्यावर विसंबू नका, आम्ही येतोय. काहींनी शिव्या दिल्या. बहिऱ्या आजोबांना चार वेळा सांगावं लागलं, आणि शेवटी त्यांनी मामाची तब्येत विचारून फोन ठेवला.

सकाळी आठ वाजता मॅडम दोघांच्याही आधी येऊन बसल्या होत्या. टेबलावर भाचीने सहा आठवड्यांपूर्वी पाठवलेला कागद होता.

"चारशे बारा वॉर्निंग होत्या," मॅडम म्हणाल्या, "आणि आपण तशीच मशीनं विकत होतो."

"अकरा वर्षं."

"तुझा बदल तपासून सही कुणी केली?"

भाचीने कागदाकडे बघितलं. तळाशी सही होती, तिच्या बाजूने उलटी दिसत असली तरी ओळखू येत होती.

"मी," मॅडम स्वतःच म्हणाल्या. "वजाबाकी मीही केली नाही. आकडा कमी झाला, बास." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आता काय करायचं म्हणतेस?"

"स्थिती साध्या इंटमध्ये ठेवायची. चिप जो आकडा सांगेल तो जसाच्या तसा तपासायचा, आणि तीनांपैकी एक असेल तरच त्याला नाव द्यायचं. नसेल तर हीटर बंद. ते ऋण एक परत घालूनही चालेल, पण मग पुढचं कुणीतरी ते पुन्हा काढेल."

"मामा, तुमचा जबाब?"

मामाने कागद पुढे केला. पहाटे उठून त्याने तो स्वतः लिहिला होता. अक्षर खरंच कोंबडीचं होतं. एकच वाक्य: मी बसवलेल्या सेन्सरची तार ढिली राहिली. खाली सही.

"मामा, हे आता नसलं तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

"असू द्या. ते खरं आहे." त्याने बॅग उचलून त्यांच्या टेबलापाशी ठेवली.

मॅडमनी बॅगेकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे. बघून न बघितल्यासारखं त्यांनी केलं नाही, हे भाचीला आवडलं. "एकसष्ट ठिकाणी जायचंय," त्या म्हणाल्या. "रस्ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही जा, पण स्क्रू शेवटचा भाचीने आवळायचा. आणि प्रत्येक ठिकाणी तार उपटून बघायची. जबाब दोघांचेही फाइलला लागतील. ते मला टाळता येणार नाही."

"नकोच टाळू," मामा म्हणाला. त्याच्या तोंडून मॅडमना पहिल्यांदाच एकेरी गेलं होतं. खोलीत कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

त्या हॅचरीत ते तिसऱ्या दिवशी पोचले, सतरावं ठिकाण म्हणून. मशीन धुऊन रिकामं ठेवलेलं होतं. आत औषधाचा वास होता. भाचीने नवा प्रोग्रॅम चढवला. मामाने गुडघ्यावर बसून तार बसवली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत जायला तीन प्रयत्न लागले, आणि मग त्याने काही न बोलता तो तिच्या हातात दिला. तिने अर्धा फेरा आवळला. त्याने तार ओढून बघितली. पक्की होती.

बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "अंडी परवा यायची आहेत. ठेवू का नको, ते तुम्हाला बघून ठरवणार आहे मी."

"बघा मग," मामा म्हणाला. मशीन तापलं, लाल दिवा लागला. आता बसवलेली तार त्याने पुन्हा सोडवली आणि उपटली.

एक. दोन. दिवा विझला आणि भोंगा वाजला. बाहेरच्या खुराड्यातून शंभरभर कोंबड्या एकदम ओरडल्या. भाचीने भोंगा बंद केला. बाई हलल्या नाहीत. त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होत्या.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मामाने तार पुन्हा बसवली. पुन्हा तीन प्रयत्न, पुन्हा तिचा अर्धा फेरा. दिवा लागायची सगळ्यांनी वाट बघितली. लागला. त्याने पुन्हा तार उपटली.

"अजून एकदा," बाई म्हणाल्या, आणि दारापाशी पालथं पडलेलं लाकडी खोकं पायाने पुढे सरकवून त्यावर बसल्या.

मामाने भाचीकडे बघितलं. अजून चव्वेचाळीस ठिकाणं राहिली होती. त्याने कपाळ बाहीला पुसलं आणि तार उचलली.